सारंगखेड्याला, दोन रिळं

घोडेबाजाराच्या मागे, तापीकडे उताराला
आमचा तंबू.
तिकीट एक आणा, पुढे गोणपाटावर बसलात तर अर्धा.
घोडे रात्रभर खूर आपटायचे
आणि सायबू तडवीच्या यंत्राचा खडखडाट
त्यांना आपलाच कुणी वाटायचा.

चित्र अमेरिकेचं. विनोदी. दोन रिळं.
भुसावळच्या मालधक्क्यावर कुणी सोडून दिलेलं,
मालकाने भंगारासारखं वजनावर घेतलेलं.
गोष्ट एवढीच: एक बारका माणूस भिंतीला कागद चिकटवायला येतो,
खळीच्या बादलीत घरमालकिणीचा पाय पडतो,
मग शिपाई, मग एक बकरी,
मग सगळं गाव त्याच्या मागे.

सुरुवातीला इंग्रजी नावांची पाटी यायची.
दोंडाईच्याचे नेरकर मास्तर तेवढी वाचून दाखवायचे,
म्हणून त्यांना फुकट.
विगिन्स, ओकली, आणखी एक विगिन्स.
"भाऊ असावा," मास्तर म्हणाले, "नाहीतर बाप.
घरचाच धंदा दिसतो."
"मंग बोलनं कोनी लिखं?"
"ह्यात बोलणंच नाही."
"मंग ते मन्हं," म्हणाला सुपडू भावसार,
आणि वेताची छडी घेऊन पडद्याशेजारी उभा राहिला.

बारका माणूस झाला कापडण्याचा जवाई,
घरमालकीण त्याची सासू,
शिपाई शिरपूरचा, नवीनच लागलेला.
बकरी मात्र बकरीच राहिली.
तिला सुपडू बोलायला लावत नसे.
"तिले समदं समजस," म्हणायचा.
आणि जवाई पळू लागला की
अख्खा तंबू ओरडायचा,
पय रे भो, पय!

मी अकरा वर्षांचा. काम: ओल्या वाळूची बादली घेऊन
सायबूच्या पायाशी बसणं.
तिथून पडदा तिरका दिसायचा.
तिरका दिसायचा म्हणूनच दिसलं:

दुसऱ्या रिळात, टोप्यांच्या दुकानापाशी तो वळतो तिथे,
दुकानाच्या काचेत
आणखी एक माणूस.
टोपी उलटी, एक डोळा मिटलेला,
उजवा हात गोल गोल फिरतोय.
सायबूचाही उजवाच. तितक्याच गतीने.
मी सायबूकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.
"धाकला विगिन्स," म्हणाला.
कशावरून, ते मी विचारलं नाही.

त्यानंतर दिवसा मी त्यांची जागा रचत बसायचो.
पत्र्याची शेड असणार, छत नसणार,
ऊन मऊ व्हावं म्हणून वर कापड ताणलेलं,
कापूस कुणास ठाऊक कुठला.
बकरी कोण धरणार, असं थोरल्याने विचारलं असेल
आणि सगळे आपापल्या डब्यात बघू लागले असतील.
उरलेला कागद दुकानदाराला परत करायचा असेल.
शनिवारपर्यंत हसू तयार हवं असेल.

यात्रेच्या नवव्या रात्री सायबू
त्या काचेपाशी हात हळू करू लागला.
लोकांनी शिट्ट्या मारल्या.
काचेतला जरा जास्त थांबला,
हसतायत का, बघत असावा.
दहाव्या रात्री आणखी हळू.
अकराव्या रात्री त्याच्या टोपीवर तपकिरी डाग उमटला,
फुगला, कडेने पेटला.
मी वाळू ओतली.
पडदा नुसता पांढरा.

सुपडूने मागे वळून पाहिलंच नाही.
पांढऱ्यावर छडी ठेवून बोलत राहिला:
जवाई नदी उतरला, सासू बैलगाडीत,
बकरी आधीच पलीकडे जाऊन बसलेली.
लोक पांढऱ्याकडे बघत हसत होते.

सकाळी मी रीळ जोडलं. बारा चित्रं कापावी लागली.
आता माणूस दुकानापर्यंत येतो
आणि एकदम गल्लीच्या टोकाला असतो.
मालकाला फरक कळला नाही.
सायबू मात्र तिथे आला की
हात न थांबवता
मान किंचित हलवायचा,
बाजारात ओळखीचं कुणी दिसल्यासारखी.